एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

सायकल पुतण्याची होती. गिअरची, सडपातळ, आणि सीट इतकी अरुंद की त्रेपन्नाव्या वर्षी तिच्यावर बसणं म्हणजे आपल्या हाताने शिक्षा ओढवून घेणं. धाकट्या भावाने ती घोडबंदर रोडवरच्या त्याच्या बिल्डिंगमधून गाडीत घालून डोंबिवलीला आणली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ताई, अजून विचार कर. मी गाडीने नेतो ना तुला. एसी लावून."

"लाइनच्या रस्त्यावर गाडी जाते का? फाटकांना कुलपं असतात."

"मग पत्ता काढू. कोणाला तरी फोन करू."

पत्ताच तर नव्हता. ज्या माणसाला मी शोधायला निघाले होते त्याचं गाव बाबांनी कधी विचारलं नव्हतं, आणि त्यानेही बाबांचं विचारलं नसावं. एकतीस वर्षं दोघं रोज भेटत आले ते एका लोखंडी पाइपाच्या कडेला, एका एअर व्हॉल्व्हपाशी. त्या व्हॉल्व्हच्या पुढे दोन मोऱ्या ओलांडल्या की उजवीकडे त्याची वाडी, एवढंच आम्हाला माहीत होतं.

बाबा तानसाच्या लाइनवर गस्तीला होते. तलावातून मुंबईला पाणी नेणारे जुने पाइप, आजोबांच्या जन्माआधी टाकलेले, माणसाच्या उंचीचे. भिवंडीजवळ लाइनच्या कडेला चौकी होती आणि चौकीला चिकटून आमची एक खोली. मी सायकल शिकले ती त्याच रस्त्यावर. एका बाजूला पाइप, त्यामुळे पडले तरी एकाच बाजूला पडणार, हे बाबांचं गणित. दुसऱ्या बाजूला करवंदाच्या जाळ्या होत्या, ते त्यांच्या गणितात नव्हतं.

सकाळी बाबा खात्याच्या सायकलवर निघत. सांधे बघायचे, व्हॉल्व्ह बघायचे, मधेच थांबून लांब लोखंडी चावीचं एक टोक पाइपावर टेकवायचं आणि दुसऱ्याला कान लावायचा. कुठे गळती असली तर पाण्याचा आवाज बदलतो. बाबा नुसत्या कानाने सांगत, पुढच्या मोरीपाशी बघा. बघितलं की तिथेच सापडायची.

पण माणूस खरोखर फिरला, की झाडाखाली झोप काढून परत आला, हे मुकादमाला कसं कळणार? त्यासाठी बिल्ले होते. पितळेचे, रुपयाच्या जुन्या नाण्याहून मोठे, वर नंबर ठोकलेला. बाबांचा सत्तावीस. तलावाच्या बाजूच्या चौकीवरून त्यांचा जोडीदार निघायचा, त्याचा एक्केचाळीस. दोघं हद्दीवर, त्या एअर व्हॉल्व्हपाशी भेटायचे, बिल्ले बदलायचे, बिडी ओढायचे आणि मागे फिरायचे. संध्याकाळी मुकादमाची जीप आली की जोडीदाराचा बिल्ला दाखवायचा. दुसऱ्याचा बिल्ला हातात म्हणजे फेरी झाली, हजेरी लागली; आपलाच हातात राहिला तर खाडा. रात्री बिल्ले मुकादमाकडे, आणि सकाळी ज्याचा त्याला परत.

हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. लहानपणी आम्ही भावंडं करवंदाच्या पानांचे बिल्ले करून हाच खेळ खेळायचो. म्हणून पुढे जे झालं त्याला मला कुठलीही सबब सांगता येत नाही.

बाबा आणि त्यांचा जोडीदार एकाच दिवशी रिटायर झाले; त्या दिवशी बिल्ल्यांची नेहमीसारखी अदलाबदल झाली, आणि मुकादमाने बिल्ला परत घेतला नाही. ठेवा आठवण म्हणून, म्हणाला. तिकडे जोडीदारालाही तेच म्हणाला असणार. बाबा एक्केचाळीस नंबर घेऊन घरी आले आणि तो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेला. आम्ही डोंबिवलीला आलो, आई गेली, वर्षं गेली. मग बाबांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग वार, मग आई गेली हेच विसरले. आणि एके दिवशी त्यांना तो डबा सापडला.

सकाळ सगळ्यात वाईट. उजाडलं की बाबा उठून कपाटं उपसायला लागत. "माझा बिल्ला कुठाय? उशीर झाला." मी गॅसवरचा चहा सोडून धावायची. "बाबा, तुम्ही रिटायर झालात." यावर ते माझ्याकडे असं बघत, की बाई कोण ही आणि हिला काय कळतं. दोनदा अनवाणी बाहेर पडले. एकदा ठाकुर्लीला सापडले, रेल्वेच्या भिंतीला कान लावून उभे. तिथल्या रिक्षावाल्याने आणून सोडलं. माझा घसा बसला होता आणि शाळेतली नोकरी मी आधीच सोडलेली.

संध्याकाळी मात्र ते शांत असत. गॅलरीत खुर्चीवर बसत, एक्केचाळीस नंबर गुडघ्यावर ठेवून लेंग्याच्या टोकाने पुसत, मग डब्यात ठेवून पोटभर जेवत. मी म्हणायची, चार वाजताची गोळी चांगली लागू पडलीये. डॉक्टरांनाही तसंच सांगितलं.

भावाने टिटवाळ्याला एक जागा बघून ठेवली होती. नवीन इमारत, कॅमेरे, नर्स, दाराला कोड. "ताई, तू मरशील अशाने," तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. मी म्हटलं, एक महिना दे. बाबांची सकाळ सुधारली नाही तर ने. मला बाबांना तिथे ठेवायचं नव्हतं. कोड लावलेल्या दारामागे हा माणूस रोज सकाळी बिल्ला शोधणार आणि त्याच्याकडे कोणी वळूनही बघणार नाही, हे डोळ्यांसमोर आलं की मला जेवण जात नसे.

एकदा चिडून मी म्हणाले, "तुमचा बिल्ला तुमच्या जोडीदाराकडे राहिला, बाबा!"

त्यांनी हात थांबवले. माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "मग आण ना, बाय."

बस. मला काम मिळालं. मी कामाची बाई आहे, सगळेच म्हणतात. बिघडलं की दुरुस्त करायचं, हरवलं की शोधायचं. दोन म्हाताऱ्यांकडे एकमेकांचे बिल्ले राहिलेत, ज्याचा त्याला दिला की सुटलं. इतकं सोपं उत्तर आपल्याला आधी का सुचलं नाही, याचंच मला वाईट वाटलं.

भाऊ दोन दिवस बाबांपाशी राहायला तयार झाला. मी पहाटे डब्यातून एक्केचाळीस नंबर काढला, ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि निघाले. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

मोठागावचा नवा पूल चढताना पहिल्यांदा उतरून ढकलावी लागली. खाली खाडी, तिवरं, काठाला काळा गाळ. पलीकडे माणकोली, आणि मग गोदामंच गोदामं. कंटेनर अंगावर येत होते. गोदामांच्या मागून वाट काढत काढत मी लाइनला लागले तेव्हा गुडघे बोलायला लागले होते.

फाटकापाशी पहारेकरी होता, माझ्याच वयाचा, प्लास्टिकच्या खुर्चीवर. "मॅडम, परमिशन लागते."

"माझे वडील होते ह्या लाइनवर. गस्तीला."

"तेव्हा होते ना," तो म्हणाला. पण उठला आणि बाजूचं लहान फाटक उघडलं. मी त्याला बिल्ल्याची गोष्ट सांगितली, ओढणीची गाठ सोडून दाखवलाही. तो हसला. "आता फोटो टाकायचा मोबाइलवर. लोकेशनसकट जातो. कोणाला भेटायबिटायची गरज नाय."

"मग बोलता कोणाशी?"

"कोणाशी बोलणार? डोकं खाऊ नका, जावा."

पुढचा रस्ता मला ओळखू येईल असं वाटलं होतं. नाही आला. पाइपांच्या कुशीत झोपड्या, गॅरेज, वाळत घातलेल्या चादरी. करवंदाच्या जाळ्या कधीच गेल्या. आमची चौकी होती तिथे सिमेंटची एक केबिन, दार बंद, आत काहीतरी घरघरत होतं. आमची खोली नेमकी कुठे होती हेही मला ठरवता येईना. पाइप तेवढा तोच होता. मी सायकल आडवी टाकली, पाइपाला कान लावला आणि डोळे मिटले. बाबा म्हणायचे, पाणी पायात चप्पल घालून चालतंय असं ऐकू येतं. मला महामार्गावरचे ट्रक ऐकू आले. बराच वेळ तशी उभी राहिले, आणि मग पाठ दुखली म्हणून सरळ झाले.

दुपारी उन्हाने डोकं भणभणलं. भिवंडी मागे पडली, वस्ती विरळ झाली, गवत, पळस, मधेच एखादी वीटभट्टी. पाइप चढला की मी उतरत होते, पाइप उतरला की बसत होते. एकदा चेन पडली, ती बसवताना हात काळे झाले आणि तेच हात तोंडाला लागले. कोणी पाहिलं असतं तर वेडी समजलं असतं. पण खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी कोणाच्या मागे धावत नव्हते.

एअर व्हॉल्व्ह सापडला तो बायकांमुळे. व्हॉल्व्हच्या बुडाशी बारीक धार गळत होती आणि सात-आठ जणी हंडे लावून बसल्या होत्या. अख्ख्या मुंबईचं पाणी दारावरून जातं, आणि ह्या थेंब गोळा करतात. लहानपणीही हेच होतं. बाबा गळतीची नोंद करत, आणि दुरुस्तीवाले आले की ह्याच बायकांच्या आया बाबांना शिव्या घालत.

मी जोडीदाराची चौकशी केली. एकीने हंडा सरकवत सांगितलं, "बिल्लावाला म्हातारा? गेला नं तो. साल झालं."

मी तिथेच बसले. तिने मला पाणी दिलं आणि घर दाखवलं.

त्याची बायको ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं. "सत्तावीसची पोर?" म्हणाली. "आन् तुजा बा हाय आजून?"

"आहेत."

"हाय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि मला हाताला धरून आत नेलं. भिंतीवर त्याचा फोटो, फोटोखाली खिळा, खिळ्याला सुतळीत ओवलेला सत्तावीस नंबर. चिंचेने घासून लखलखीत केलेला. दसऱ्याला कोयत्याबरोबर ह्याचीही पूजा करते, म्हणाली.

तिने भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. मी जेवत असताना ती बोलत राहिली. "सांज झाली का त्यो ह्यो हातात घेऊन बसं. म्हने, झाली फेरी, आता वाढ. रिटायर झाला तरी तसंच. मरायच्या दिवशी बी हातात व्हता."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. दोन घास खाऊन, पाणी पिऊन, मी म्हणाले, "मावशी, हा बिल्ला मला द्याल? हा घ्या तुमचा."

तिने एक्केचाळीस नंबर हातात घेतला, उलटा-सुलटा केला. कडेला एक खाच होती, बिडीच्या डबीचं झाकण उघडताना पडलेली. त्या खाचेवरून तिने अंगठा फिरवला. "आन् सत्तावीस? त्यो र्‍हाऊ दे ना हितं," ती म्हणाली. "इतकी वरसं हाय. त्याच्याच आठवनीचा हाय तो."

"माझे वडील जिवंत आहेत, मावशी," मी म्हणाले. "रोज मागतात. त्यांना हवाय."

जिवंत ह्या शब्दावर मी मुद्दाम जोर दिला होता. तिने खिळ्यावरून बिल्ला काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. खिळा मोकळा राहिला.

मी रात्र तिथेच काढली. सकाळी निघताना ती म्हणाली, चल ओहळापर्यंत. जिथे त्याची राख सोडली होती तिथे ती चपला काढून पाण्यात उतरली, एक्केचाळीस नंबर पाण्यावर धरला आणि सोडला. "मी काय करू त्याचा? त्याचा त्याला पोचू दे," म्हणाली. मी हात जोडले. माझे डोळे भरून आले होते. ज्याचं त्याला मिळालं, असं मला वाटलं, आणि परतीच्या वाटेवर मी चक्क गुणगुणत होते.

घरी पोचले तेव्हा उन्हं गॅलरीतून निघत होती. दार भावाने उघडलं. त्याचा चेहरा उतरलेला. "काल संध्याकाळपासून जेवले नाहीत ताई. सारखा तो डबा उघडतायत, बंद करतायत. काय हवंय तेच कळत नाही."

"मला कळतं," मी म्हणाले. घामट कपड्यांनिशीच गॅलरीत गेले, त्यांच्यासमोर खाली बसले आणि सत्तावीस नंबर त्यांच्या हातात ठेवला. "बाबा, आणला बघा. तुमचा बिल्ला."

त्यांनी तो उजेडाकडे धरला. नंबर वाचला. मग बाहेर पाहिलं, मावळतीकडे. पुन्हा बिल्ल्याकडे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, हसू कुठून उगवतं ते बघायला.

"माझाच आहे," ते म्हणाले. "संध्याकाळ झाली आणि माझाच माझ्या हातात आहे."

मग मला मुकादम समजून, हळू, लाजून, शाळेत चूक सापडलेल्या पोरासारखे म्हणाले, "साहेब, आज मी गेलोच नाही. खाडा मांडा."

तेव्हा मला समजलं. पाढ्यांसारखं पाठ असलेलं तेव्हा समजलं. संध्याकाळी त्यांना शांत करणारी गोळी नव्हती, तो एक्केचाळीस नंबर होता. रोज संध्याकाळी त्यांची फेरी पूर्ण होत होती, एकतीस वर्षं अधिक डबा सापडल्यापासूनचा एकेक दिवस, आणि मी दोन दिवस सायकल मारून ती पुसून आले होते. ओहळाच्या काठावर हात जोडून.

मी मागे हटले नाही. दुसऱ्याच दिवशी ठाण्याला जाऊन स्टेशनजवळच्या पाट्या करणाऱ्याकडून पितळेचा एक्केचाळीस करून घेतला. खाचसुद्धा पाडून घेतली कानशीने. बाबांनी अंगठा फिरवला आणि तो मला परत दिला. "हा नवीन आहे, साहेब. खोटा बिल्ला दाखवून मी हजेरी नाही लावणार." इतका विसरलेला माणूस, पण तेवढं त्याला बरोबर आठवत होतं. भाऊ सायकल घेऊन त्या वाडीवर जाऊन आला, दोन पोरांना ओहळात उतरवून वाळू चाळून आला. काही मिळालं नाही. म्हातारीने त्याला सांगितलं, आता बिल्लाबी नाय आन् खिळाबी मोकळा, तुज्या बहिनीला सांग. त्याने मला हे उशिरा सांगितलं.

त्यानंतर सकाळी ते बिल्ला शोधत नसत. तो हातातच असे. दारापाशी उभे राहून कडी वाजवत, मी उघडत नसे, मग बसून राहत. संध्याकाळी मला हाक मारत. साहेब, खाडा. सुरुवातीला मी भांडले, समजावलं, रडले. "तुम्ही गेला होतात, बाबा. रोज गेलात." ते मान हलवत. आणि खाडा मांडेपर्यंत ते घास तोंडाला लावत नसत. म्हणून मग मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांच्यासमोर धरायला लागले, आणि त्या दिवसाच्या चौकोनात त्यांच्या देखत लिहायला लागले. ते वाकून बघत, बरोबर लिहिलं का ते. मग दोन घास खात. त्याहून जास्त कधी नाही.

टिटवाळ्याला न्यायची वेळ आली नाही. मला हवं होतं तसंच झालं, ते घरातच राहिले. चौथ्या महिन्यात अंथरुणाला लागले, तरी संध्याकाळी डोळे उघडून कॅलेंडरकडे बघत. शेवटच्या दिवशी आवाज नव्हता. नुसता हात उचलला, मुठीत सत्तावीस नंबर. मला कळलं काय म्हणायचंय ते. त्यांना बरं वाटावं म्हणून मी पेन घेतलं.

ते अंधार पडायच्या आधी गेले. त्या तारखेच्या चौकोनात माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे, खाडा.